गुलाबाचे अत्तर आणि रोशाचे तेल

सोने कसोटीवर घासून पाहता येते, धान्य मापाने मोजता येते, कापडाचे सूत बोटांनी चाचपता येते. सुगंधाची गोष्ट मात्र निराळी आहे. तो दिसत नाही, हाती लागत नाही, आणि दाम मोजून घरी आणला तरी काही घटकांत उडून जातो. असे असूनही ज्या वस्तूंसाठी माणसाने सोन्याच्या बरोबरीने पैसा मोजला, त्यांत सुगंधी द्रव्यांचा क्रम फार वरचा लागतो. आणि जिथे किंमत मोठी, तिथे तिच्या शेजारी स्वस्त पर्याय येऊन उभा राहणे हेही ओघानेच आले. अत्ताराने आपली पेटी उघडली की तिच्यात एकाच फुलाच्या नावाच्या दोन-तीन कुप्या निघतात. वास जवळजवळ सारखा, भाव मात्र एकमेकांपासून कोसभर दूर. गिऱ्हाईक एक फाया या मनगटावर लावते, दुसरा त्या मनगटावर लावते, आणि विचारात पडते.

या दोन कुप्यांतील नाते मोठे गुंतागुंतीचे आहे. महाग ते खरे आणि स्वस्त ते खोटे, असा सरळ हिशेब मांडून हा विषय सामान्यतः संपवला जातो. परंतु सुगंधांचा इतिहास पाहू लागले म्हणजे हा हिशेब फारसा टिकत नाही. गुलाबाचे अत्तर आणि खानदेशच्या डोंगरांत उगवणाऱ्या रोशा गवताचे तेल, या दोन द्रव्यांची हकीकत त्या दृष्टीने उद्बोधक आहे. एक बादशहांच्या दरबारात जन्माला आले. दुसरे ओढ्याकाठच्या भट्टीवर, गवताच्या भाऱ्यांतून निघाले. एकाला साऱ्या जगाने नाव दिले. दुसऱ्याला कित्येक वर्षे स्वतःच्या नावाने बाजारात उभेदेखील राहता आले नाही.

सुगंधाची पारख करण्याची विद्या आपल्याकडे फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, राजाच्या कोशात कोणत्या मौल्यवान वस्तू घ्याव्यात याचा विचार आहे. तेथे मोती, रत्ने आणि हिरे यांच्या पंक्तीला चंदन आणि अगुरू बसलेले दिसतात. चंदनाच्या जाती तेथे रंगावरून आणि वासावरून सांगितल्या आहेत. एका जातीला मातीचा वास, एकीला माशाचा, एकीला आंब्याचा. मग उत्तम चंदनाचे गुण येतात. ते वजनाने हलके असावे, स्निग्ध असावे, तुपासारखे अंगाला लागावे, त्वचेत मुरावे, त्याचा वास उग्र नसावा, रंग उडू नये आणि त्याने उष्णता सहन करावी. हे सारे गुण प्रत्यक्ष अंगाला लावून, काही वेळ वाट पाहूनच कळणारे आहेत. नुसते नाकाशी धरून चंदन घ्यावे, असे त्या ग्रंथकाराला वाटत नव्हते. कोशाध्यक्षाने फसू नये ही काळजी त्यामागे उघड आहे. आणि जिथे फसण्याची धास्ती आहे, तिथे फसवणारेही होते, हे निराळे सांगावयास नको.

सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत गंधयुक्तीवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. ज्योतिषी असल्यामुळे त्याला गणिताचा नाद होता. सोळा गंधद्रव्यांतून चार-चार निवडली तर १८२० मिश्रणे होतात, हे त्याने तेथे मांडून दाखवले आहे. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याची दुसरी एक कृती अधिक महत्त्वाची आहे. मंजिष्ठ, व्याघ्रनख, शुक्ती, दालचिनीची साल आणि कोष्ठ यांचे चूर्ण तेलात घालून ते तेल उन्हात तापवावे, म्हणजे त्याला चाफ्याचा वास येतो, असे तो सांगतो. या कृतीत चाफ्याचे एकही फूल नाही. चाफ्याशिवाय चाफा निर्माण करण्याची ही कला त्या काळी प्रतिष्ठित होती. राजाच्या स्नानासाठी आणि केशसंस्कारासाठी विद्वान ज्योतिषी ती सांगतो आणि त्यात त्याला काही उणे वाटत नाही. तेल चाफ्यासारखे आहे, असे तो स्वच्छ सांगतो. ते चाफ्याचेच आहे, असे म्हणत नाही. हा भेद लहान दिसला तरी पुढच्या साऱ्या इतिहासाची किल्ली त्यात आहे.

ही विद्या केवळ संस्कृतात राहिली नाही. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने मानसोल्लासात राजाच्या गंधभोगाचे वर्णन केले. पुढे गंगाधर नावाच्या ग्रंथकाराने गंधसार रचला आणि कोणा अज्ञात लेखकाने गंधवाद. हे दोन्ही ग्रंथ एकाच पोथीत जपले गेले, आणि विशेष म्हणजे त्यांतील गंधवादावर मराठी टीका आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील व्यासंगी संशोधक परशुराम कृष्ण गोडे यांनी या पोथीकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. तिची संपादित आवृत्ती १९८९ मध्ये बडोद्याहून प्रसिद्ध झाली. सुगंधी द्रव्ये कशी सिद्ध करावीत, हे कोणाला तरी मराठीतून समजावून सांगण्याची गरज काही शतकांपूर्वी भासली होती, ही गोष्ट मराठी माणसाने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

या जुन्या ग्रंथांतील सुगंध बहुतेक तेलाचे, चूर्णाचे, उटण्याचे आणि धुपाचे होते. आज ज्याला गुलाबाचे अत्तर म्हणतात त्याचा उदय मोगल काळातला. गुलाबपाणी त्यापूर्वीही होते. इराणातून त्याचा व्यापार चाले. अकबराच्या दरबारात खुशबूखाना हे एक स्वतंत्र खाते होते. आईन-इ-अकबरीत सुगंधांच्या भावांची यादी आहे, आणि त्या यादीत प्रत्येक द्रव्याचा एकच भाव न देता कमीत कमी आणि जास्तीत जास्त असे दोन भाव दिले आहेत. अंबराची मोजणी तेथे मोहरांत होते, गुलाबपाण्याची रुपयांत. बादशहाच्या खात्यालासुद्धा एकाच नावाखाली हलका आणि भारी असे दोन्ही माल दिसत होते, एवढे त्यावरून ध्यानात येते.

गुलाबाच्या अत्तराची हकीकत खुद्द जहांगीर बादशहाने आपल्या आत्मवृत्तात, कारकीर्दीच्या नवव्या वर्षाच्या म्हणजे १६१४ च्या सुमाराच्या नोंदीत सांगितली आहे. नूरजहानची आई गुलाबपाणी करवून घेत होती. गरम गुलाबपाणी भांड्यांत ओतले असता वर साय धरल्यासारखा एक थर जमला. तिने तो थोडा थोडा गोळा केला. त्याचा एक थेंब तळहातावर चोळला तर सारी मैफल दरवळून जाई आणि जणू कितीतरी कळ्या एकदम उमलल्या असे वाटे, असे बादशहा लिहितो. सलीमा सुलतान बेगमेने त्या द्रव्याला इत्र-इ-जहांगिरी असे नाव दिले, आणि शोध लावणारीला बादशहाने मोत्यांचा हार बक्षीस दिला. लोककथेने हा शोध पुढे आईकडून काढून लेकीच्या, म्हणजे नूरजहानच्या नावावर केला. गुलाबपाण्यावर तेल तरंगते, ही गोष्ट इटलीतल्या लेखकांनी सोळाव्या शतकातच नोंदवलेली होती. तेव्हा जगातला पहिला शोध हाच, असे म्हणता येणार नाही. परंतु हिंदुस्थानात या द्रव्याला मान, नाव आणि भाव मिळाला तो येथून. पुढे मराठ्यांच्या दरबारांतही बैठक संपताना अत्तर, गुलाबपाणी आणि पानसुपारी देणे हा शिष्टाचार होऊन बसला. अत्तरदाणी आणि गुलाबदाणी या वस्तू मराठी घरांतल्या लग्नकार्यात कालपरवापर्यंत चांदीच्या तबकात मांडल्या जात. तो त्याच दरबारी वैभवाचा घरगुती अवशेष होय.

हे द्रव्य इतके महाग का, याचे कारण फुलातच आहे. गुलाबाच्या पाकळीत तेलाचा अंश अत्यल्प असतो. बल्गेरियातील गुलाबाच्या प्रसिद्ध खोऱ्यात एक किलो तेलासाठी साधारण साडेतीन ते चार हजार किलो फुले लागतात. ती फुले पहाटेपासून, ऊन चढण्यापूर्वी हाताने खुडावी लागतात, कारण उन्हाबरोबर तेल उडून जाते. हंगाम काही आठवड्यांचा. त्यामुळे अत्तराच्या किमतीत फुलांपेक्षा माणसांच्या हातांचाच हिस्सा मोठा असतो.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उत्तर हिंदुस्थानात या धंद्याचे मोठे केंद्र गंगेकाठचे गाझीपूर हे होते. कलकत्त्याचा बिशप रेजिनाल्ड हेबर १८२४ मध्ये तेथे गेला. त्याच्या प्रवासवृत्तांतात, महाग आणि स्वस्त सुगंध यांची जी तुलना सापडते ती फार बोलकी आहे. उत्तम गुलाबपाण्याचा शेर तेव्हा आठ आण्यांना मिळत होता. अत्तराचा भाव मात्र रुपयाभर वजनाला, म्हणजे तोळ्याला, बाजारात ८० रुपये आणि अस्सल असल्याची हमी देणाऱ्या इंग्रजी वखारीत १०० रुपये. बाजारातल्या अत्तरात पुष्कळदा चंदनाचे तेल मिसळलेले असते, असे तो नोंदवतो. म्हणजे वरचे २० रुपये हे सुगंधाचे नव्हते, ते भरवशाचे होते. तोळाभर अत्तराला दोन लाख फुले लागतात, असेही त्याने लिहून ठेवले आहे. बल्गेरियाच्या हिशेबाने तोळ्याला चाळीस-पंचेचाळीस किलो फुले पुरतात. गाझीपूरच्या पद्धतीत उतारा कमी पडत होता असे धरले तरी हेबरचा आकडा ऐकीव आणि फुगलेला असावा. मोठी किंमत मोठ्या आकड्यांच्या आधाराने उभी राहते, याचेही ते एक उदाहरण म्हणता येईल.

हेबरच्या वृत्तांतातली आणखी एक बारीक नोंद ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्या गुलाबपाण्यावरचे अत्तर काढून घेतले आहे ते स्वस्त, आणि ज्याच्यावरची साय तशीच ठेवली आहे ते महाग, असा तेथील रिवाज होता. परंतु दोहोंत वासाचा फारसा फरक जाणवत नाही, असे तेथल्या एका जाणत्याने त्याला सांगितले. याचे कारण पुढे रसायनशास्त्राने उलगडले. गुलाबातील एक प्रमुख सुगंधी घटक पाण्यात सहज विरघळतो आणि तेल काढून घेतल्यावरही पाण्यातच राहतो. तेव्हा साय काढलेले पाणी घेणारा गरीब माणूस वाटतो तितका नागवला जात नव्हता.

चंदनाच्या मिश्रणाबद्दल मात्र हेबरच्या नजरेतून एक गोष्ट सुटलेली दिसते. कनौजच्या परंपरेत गुलाबाचे दोन माल मानले जातात. एक रूह, म्हणजे फुलाचे केवळ सत्त्व. दुसरे अत्तर, म्हणजे चंदनाच्या तेलात उतरवलेला फुलाचा वास. तांब्याच्या डेगीत फुले आणि पाणी घालतात, झाकण मातीने लिंपून बंद करतात, बांबूच्या नळीने वाफ भपक्यात नेतात, आणि भपका थंड पाण्यात ठेवलेला असतो. त्या भपक्यात आधीच चंदनाचे तेल असते. फुलाची वाफ त्या तेलात मुरते, आणि पुन्हा पुन्हा ताजी फुले घालून ते तेल तृप्त केले जाते. चंदनाचा स्वतःचा वास सौम्य; तो फुलाच्या चंचल वासाला धरून ठेवतो. परकी गिऱ्हाइकाला जी भेसळ वाटली, ती येथल्या कारागिराच्या दृष्टीने रीत होती. रूह म्हणून अत्तर विकले तर ती लबाडी; अत्तर म्हणून अत्तर विकले तर तो सचोटीचा धंदा. वस्तू तीच, परंतु तिला कोणत्या नावाने हाक मारली यावर सारे अवलंबून.

नावाचा हा प्रश्न खऱ्या अर्थाने पेटला तो आणखी पश्चिमेला, आणि त्याचे इंधन गेले महाराष्ट्रातून. सातपुड्याच्या उतारांवर आणि खानदेशच्या पश्चिमेकडील डोंगरांत रोशा नावाचे एक उंच गवत पावसाळ्यात माजते. संस्कृत ग्रंथांतील रोहिष ते हेच, असे मानतात. याची काडी चुरगळली तर हाताला एक गोड, गुलाबाची आठवण करून देणारा वास येतो, मात्र त्याला गवताचा एक तिखट धागा असतो. या गवताच्या तेलाला रोशेल म्हणतात. १८८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या खानदेशच्या गॅझेटिअरात या धंद्याची तपशीलवार माहिती आहे. अक्राणी, नंदुरबार, शहादे, तळोदे आणि पिंपळनेर हा मुलूख त्या तेलासाठी प्रसिद्ध होता. पावसाळा सरत आला आणि गवताला फुलोरा आला की भिल्ल ते कापून आणीत. मुसलमान तेलकरी ते त्यांच्याकडून विकत घेत, आणि जिथे पाणी व सरपण जवळ असेल अशा ओढ्याकाठी भट्ट्या लावीत. जमिनीत खड्डा खणून चूल करायची, तिच्यावर मोठी कढई बसवायची, तिच्यात पाणी आणि गवत भरून झाकण लिंपायचे, आणि वाफ नळीने बाहेर थंड पाण्यात ठेवलेल्या भांड्यात न्यायची. रीत कनौजचीच, फक्त फुलाच्या जागी गवत आणि हवेलीच्या जागी ओढा.

तेल दोन प्रकारचे निघे. एकाला मोतिया म्हणत, दुसऱ्याला सोफिया. मोतियाचा वास नाजूक आणि गुलाबाच्या जवळचा, सोफियाचा रांगडा. गवत कोवळे असताना कापले तर मोतिया आणि जून झाल्यावर कापले तर सोफिया, असा त्या वेळचा समज होता. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञांनी हे एकाच गवताचे दोन वेगळे प्रकार असल्याचे ठरवले. शंभर किलो ताज्या गवतातून अर्ध्या किलोच्या आसपास तेल मिळते; तितक्याच गुलाबांतून पंचवीस-तीस ग्रॅम. गवताला लागवड नको, राखण नको, पहाटेची खुडणी नको. भावातील अंतर त्यामुळे आपोआपच पडले.

हे तेल कातड्याच्या बुधल्यांत भरून बैलांच्या पाठीवर लादले जाई. एक वाट कोंडाईबारीच्या घाटाने सुरतेस जाई, दुसरी धुळे आणि मनमाड यांवरून मुंबईस. मुंबईचे व्यापारी ते तांबड्या समुद्राच्या बंदरांकडे धाडीत, आणि तेथून ते अरबस्तानच्या मार्गाने कॉन्स्टँटिनोपलला पोहोचे. या प्रवासात त्याचे नाव गळून पडे. युरोपच्या बाजारात ते तुर्की जिरॅनियम तेल म्हणून ओळखले जाऊ लागले. वास्तविक ते तुर्कस्तानचे नव्हते आणि जिरॅनियमचेही नव्हते. अक्राणीच्या भिल्लाने कापलेले आणि नंदुरबारच्या तेलकऱ्याने उकळलेले ते गवताचे तेल होते. परंतु ज्या दोन हातांनी ते केले, त्या दोघांचाही मागमूस त्या नावात नव्हता.

कॉन्स्टँटिनोपलमध्ये त्याच्यावर संस्कार होत. डिंकाच्या पाण्याने आणि लिंबाच्या रसाने ते धुवून घेत आणि उथळ भांड्यांत उन्हात ठेवीत, म्हणजे त्याचा रंग फिका पडे आणि तिखट वास निवे. मग ते बाल्कन पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या काझानलिकच्या खोऱ्यात जाई. हा मुलूख तेव्हा उस्मानी साम्राज्यात होता. आज तो बल्गेरियात आहे. तेथे कोणी ते तयार अत्तरात मिसळीत, तर कोणी अधिक धूर्तपणे भट्टीवर चढवण्यापूर्वी गुलाबाच्या पाकळ्यांवरच शिंपडीत. अशा रीतीने दोन्ही वाफा एकत्र उतरत, आणि विकणारा शपथेवर सांगू शके की हे तेल गुलाबाच्या भट्टीतूनच निघाले आहे. ही शपथ शब्दशः खरी आणि अर्थाने खोटी असे.

खरेदीदारांनीही उपाय शोधले. गुलाबाच्या तेलात एक मेणासारखा निर्गंध अंश असतो, त्यामुळे थंडीत ते गोठते. रोशाचे तेल तसे गोठत नाही. म्हणून कुपी थंड पाण्यात ठेवून, किती अंशावर आणि किती वेळात तेल गोठते, हे पाहून भाव ठरू लागला. त्यावर भेसळ करणाऱ्यांनी देवमाशाच्या डोक्यातले मेण थोडे घालण्यास सुरुवात केली. या सगळ्या खटाटोपात एक गोष्ट विनोदी आहे. ज्या मेणाला मुळीच वास नाही, त्याच्यावरून सुगंधाची किंमत ठरत होती. नाकाने जो निवाडा करायचा तो थंड पाण्यावर सोपवला गेला, कारण नाकाचा भरवसा उरला नव्हता.

एवढ्या कुशलतेने फसवता येत होते, याचा अर्थ रोशाचे तेल गुलाबाच्या फारच जवळचे असले पाहिजे. ते का, हे १८७१ मध्ये कळू लागले. याकोबसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने हिंदुस्थानातून आलेल्या या गवती तेलातून एक सुवासिक द्रव वेगळा काढला. बाजारातील जिरॅनियम या चुकीच्या नावावरूनच त्याचे जिरॅनिऑल असे नाव पडले. पुढे दिसून आले की हेच जिरॅनिऑल खऱ्या गुलाबाच्या तेलातही असते. रोशाच्या मोतिया तेलात ते शंभरात पंचाहत्तर ते नव्वद भाग भरते. गुलाबात ते बरेच कमी असते आणि त्याच्या जोडीला इतर घटक असतात. गवत आणि फूल ही दोन भिन्न कुळांतील झाडे, परंतु दोघांनीही आपापल्या पेशींत तोच पदार्थ घडवला होता. खानदेशच्या गवतात गुलाबाचा भास होता असे नव्हे. गुलाबाचा एक खराखुरा अंश होता.

मग दोहोंत फरक उरला नाही काय? उरला, आणि तो समजण्यास आणखी शंभर वर्षे लागली. १९७० मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी बल्गेरियन गुलाबाच्या तेलातून दमास्केनोन हा पदार्थ ओळखून काढला. त्याचे प्रमाण शंभरात एका भागाहूनही पुष्कळ कमी, पण त्याचा वास इतका प्रभावी की गुलाबाचे गुलाबपण मोठ्या अंशी त्याच्यावर आणि त्याच्यासारख्या आणखी काही अत्यल्प घटकांवर अवलंबून असते. म्हणजे ज्यांनी शंभर रुपये मोजून अस्सल अत्तर घेतले ते अगदीच भोळे नव्हते. पहिल्या श्वासात गवत आणि गुलाब जुळ्यांसारखे भासत; परंतु घटकाभराने मनगटावर काय उरले हे पाहिले तर एकाची गोडी सपाट होई, आणि दुसऱ्याची मधासारखी, किंचित फळासारखी खोली मागे राही. उत्तम चंदन अंगाला लावून वाट पाहावी, या कौटिल्याच्या शिकवणुकीचे मर्म हेच होते.

रोशाच्या तेलाला न्याय मिळाला तो याच शास्त्राच्या हातून. त्यात काय आहे हे कळताच त्याला गुलाबाच्या पदराआड लपण्याचे कारण राहिले नाही. पामारोसा या व्यापारी नावाने ते उघडपणे विकले जाऊ लागले. साबणांत, केशतेलांत आणि अत्तरांत त्याला स्वतःच्या गुणावर मागणी आली. जिरॅनिऑलचा उत्तम उगम म्हणून कारखानदार ते शोधीत आले. चोरवाटेने गेलेला माल राजरस्त्याने जाऊ लागला. परंतु इतिहास अशा ठिकाणी थांबत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर टर्पेंटाइनपासून जिरॅनिऑल तयार करण्याची रीत निघाली आणि ते गवतापेक्षाही स्वस्त पडू लागले. एकेकाळी गुलाबाचा स्वस्त पर्याय असलेले रोशाचे तेल आता स्वतःच महाग, नैसर्गिक आणि जपण्याजोगे ठरले. चंदनाचीही तीच कथा. हेबरच्या काळी चंदन हा अत्तरातला स्वस्त घटक होता. पुढे चंदनाची झाडे विरळ झाली, तेलाचा भाव गगनाला भिडला, आणि कनौजच्या पुष्कळ भट्ट्यांवर भपक्यात चंदनाऐवजी खनिज तेलासारखे निर्गंध द्रव येऊन बसले. भारत सरकारने १९९१ मध्ये कनौज येथे सुगंध आणि स्वाद विकास केंद्र स्थापन केले, त्यामागे हा ढासळता धंदा सावरण्याचाही हेतू होता. काल जी भेसळ म्हटली गेली तीच आज दुर्मिळ शुद्धता म्हणून शोधली जाते.

आजच्या जगात हा झगडा नव्या रूपात चालू आहे. १९५२ मध्ये वायूंचे पृथक्करण करणारी वर्णलेखनाची पद्धत पुढे आली आणि तिच्या साहाय्याने कोणत्याही अत्तरातील घटक बऱ्याच अंशी वाचता येऊ लागले. साहजिकच नामांकित आणि भारी अत्तरांच्या हुबेहूब वासाची स्वस्त अत्तरे बाजारात आली. सुगंध हा कोणाच्या मालकीचा असू शकतो काय, हा प्रश्न न्यायालयांपुढे गेला. २००६ च्या जून महिन्यात नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने अत्तराचा वास ही लेखकाच्या कृतीसारखी हक्क सांगण्याजोगी निर्मिती होऊ शकते असे मानले, आणि त्याच महिन्यात फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने नेमका उलट निवाडा दिला. २००९ मध्ये लॉरियाल आणि बेल्युर यांच्या खटल्यात युरोपीय न्यायालयापुढे जो प्रश्न आला तो वासाचा नव्हताच. आमचे हे स्वस्त अत्तर तुमच्या त्या प्रसिद्ध अत्तरासारखे आहे, अशा तुलनेच्या याद्या विक्रेत्यांनी वाटल्या होत्या. दुसऱ्याच्या नावाच्या कीर्तीचा असा लाभ उठवणे न्यायालयाला गैर वाटले. काझानलिकच्या खोऱ्यात जो प्रश्न होता, तोच येथे वेगळ्या पोशाखात उभा राहिलेला दिसतो. फरक इतकाच की तेथे नाव चोरले गेले होते, आणि येथे ते उघडपणे उसने घेतले गेले.

या निवाड्यालाही दुसरी बाजू आहे. स्वस्त माल विकणाऱ्याने आपला माल कशासारखा आहे हे सांगूच नये असे ठरले, तर साध्या गिऱ्हाइकाने निवड कशावरून करायची? वराहमिहिराने चाफ्याच्या वासाचे तेल असे सरळ सांगितले होते, आणि त्याला कोणी अडवले नव्हते. सारखेपणा सांगण्याचे स्वातंत्र्य आणि दुसऱ्याच्या नावावर जगण्याची मुभा यांतील सीमारेषा काढणे सोपे नाही, आणि ती एकदा काढली म्हणजे कायमची राहील असेही नाही.

सुगंधांच्या या दीर्घ व्यवहारातून एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा समोर येते. भारी किमतीत गुणाचा वाटा असतो, दुर्मिळतेचा असतो, कष्टांचा असतो, आणि मोठा वाटा निव्वळ नावाचा असतो. हे वाटे निरनिराळे मोजता आले तर भारी वस्तू घेण्यात मूर्खपणा नाही आणि हलकी घेण्यात कमीपणा नाही. गुलाबाचे अत्तर घेणाऱ्याने पहाटे खुडलेल्या हजारो फुलांचे मोल द्यावे, हे रास्तच आहे. रोशाचे तेल घेणाऱ्यालाही काही खोटे मिळत नाही. डोंगरउताराचा, भिल्लांच्या कोयत्याचा आणि ओढ्याकाठच्या धुराचा एक अस्सल सुगंध त्याच्या पदरात पडतो. अन्याय झाला तो या दोहोंपैकी कोणत्याही वासामुळे नव्हे. एका वस्तूला दुसरीच्या नावाने विकले, आणि त्या नावाच्या आड खानदेशच्या कष्टकऱ्याचे कसब दडपले गेले, तेथे तो झाला. गिऱ्हाइकाला जास्त पैसे पडले ही त्या अन्यायाची एक बाजू. ज्याने ते तेल काढले त्याला त्याचे श्रेय आणि दाम कधीच पुरते मिळाले नाही, ही दुसरी, आणि अधिक विसरली गेलेली बाजू होय.